माझं नाव सांग

मावशीचा मिक्सर श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी गेला. पुरण अर्धं वाटून झालं होतं, जळका वास आला आणि भांडं फिरायचं थांबलं. अठरा वर्षं चाललेलं यंत्र, त्यामुळे तिनं फार मनाला लावून घेतलं नाही. उरलेलं पुरण पाट्यावर वाटलं, नैवेद्य दाखवला आणि संध्याकाळी मला फोन केला, "तुमच्या त्या ऑनलाइनवर एक बरासा मिक्सर बघून दे रे."

पुढच्या आठवड्यात मी सांगलीला जाणारच होतो. तिच्या शेजारी बसून एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचं ॲप उघडलं आणि मिक्सर शोधायला लागलो. पहिल्या सहांपैकी चारांच्या खाली बारीक करड्या अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं. ७५० वॅट, तीन भांडी, तांब्याची मोटर. पुढचा ५०० वॅट, तीन भांडी, तांब्याची मोटर. तारे सगळ्यांना चारच्या आसपास. खोडलेली किंमत खालच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. मावशीनं चष्मा सरळ केला आणि विचारलं, "यातला ओल्या खोबऱ्याच्या चटणीला कुठला?"

पंधरा मिनिटं खाली-वर करूनही मला उत्तर सापडलं नाही. शेवटी तिनंच फोन काढून घेतला. "थांब, ती बाई दाखवते."

ती बाई यूट्यूबवरची. स्वतःच्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभी. मागे कुकरची शिट्टी ऐकू येतेय. तिनं एकाच मिक्सरवर आधी ओलं खोबरं वाटलं, मग दाण्याचं कूट केलं, मग भिजवलेली डाळ. लहान भांड्यात मूठभरच दाणे घातले तर ते नुसते वर उडतात आणि झाकण हातानं दाबून धरावं लागतं, हे दाखवलं. भांडं उलटं करून, धुतल्यावर बुडाशी पाणी कुठे साचतं तिथे बोट लावलं. झाकणाचं रबर सैल पडलं तर तेवढंच सुटं मिळतं का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारलं होतं. बारा मिनिटांनी म्हणाली, "मैत्रिणींनो, लिंक खाली दिलीय."

मावशीचा निर्णय झाला होता. घ्यायचा तर हाच, आणि हिच्याच लिंकवरून.

दुकान तेच, खोकं तेच, किंमत तीच. मग सरळ दुकानात जाऊन घ्यायचं सोडून माणसं या आडवाटेनं का जातात, असं विचारणारे मला बरेच भेटतात. विचारण्यात बहुधा एक कीव असते: बिचाऱ्यांना कळत नाही, मधला माणूस पैसे खातो. मला हे पटत नाही. लोकांना नीट कळतं. मोठ्या दुकानानं एक काम अंगावेगळं केलं, ते या मधल्या माणसांनी उचललं, आणि गिऱ्हाईक त्या कामाच्या मागे गेलं. तक्रार करायची तर दुसऱ्या एका गोष्टीची करावी लागेल, पण ती नंतर.

२००३ साली मला कॉम्प्युटर घ्यायचा होता. मुंबईत त्यासाठी जायची जागा एकच, लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असेल, पण कॉम्प्युटर घ्यायला कुणी भडकमकर मार्गावर जात नसे. मित्राचा थोरला भाऊ त्यातला जाणकार. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "कशाला हवाय?" मी म्हणालो, टायपिंग, गाणी, जमलं तर सिनेमे. "मग ग्राफिक्स कार्डाचे पैसे पाण्यात घालू नकोस. पॉवर सप्लाय मात्र नावाजलेला घे, स्वस्तातला घेतलास तर सगळं घेऊन जाईल." एका चिठोऱ्यावर त्यानं यादी करून दिली, दुकानाचं नाव लिहिलं आणि म्हणाला, "माझं नाव सांग."

नाव सांगितलं. दुकानदारानं चहा मागवला, दोनशे रुपये कमी केले. काही महिन्यांनी कळलं की दरेक गिऱ्हाइकामागे तो दुकानदार या दादाला तीनशे रुपये देत असे. मी चार दिवस धुमसलो. मग लक्षात आलं की त्या माणसानं माझे ग्राफिक्स कार्डाचे काही हजार वाचवले होते, आणि तो कॉम्प्युटर पुढे सात वर्षं चालला. त्यानं तीनशे रुपये कमावलेच होते. राग आला तो त्यानं सांगितलं नाही याचा.

आपल्याकडच्या बाजारात 'माझं नाव सांग' हे वाक्य किती जुनं आहे बघा. लग्नाच्या बस्त्याला, सोनाराकडे, फर्निचरवाल्याकडे. बाहेरगावी गेलं की गाडीचा ड्रायव्हर ठरावीक दुकानापाशीच गाडी उभी करतो, आणि का ते गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन निघतं. कमिशनशिवाय चालणारा बाजार आपण पाहिलाच कधी होता?

इंटरनेटवर हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर रुजवला तो ॲमेझॉननं, १९९६ साली. तेव्हा तिथे पुस्तकंच मिळत. आपल्या वेबसाइटवर एखाद्या पुस्तकाबद्दल लिहा, खाली आमची लिंक द्या, त्यावरून कुणी पुस्तक घेतलं तर तुम्हाला हिस्सा. यंत्रणा आजही मुळात तीच आहे. लिंकच्या शेपटीला एक खूण चिकटवलेली असते, ती खूण म्हणजे डिजिटल 'माझं नाव सांग'. दुकान ती ओळखतं, ठरावीक मुदतीपुरती लक्षात ठेवतं. ॲमेझॉनकडे ही मुदत साधारण चोवीस तासांची. त्या वेळात तुम्ही मिक्सरऐवजी तांदूळ आणि मोजे घेतलेत, तरी कमिशन मिक्सरवालीच्या खात्यात. तुम्हाला द्यावी लागणारी किंमत मात्र लिंकवरून गेलात म्हणून एका रुपयानंही वाढत नाही. दुकान ते पैसे जाहिरातीचा खर्च म्हणून आपल्या मिळकतीतून देतं. शेवटी सगळाच खर्च गिऱ्हाइकाच्या माथी येतो हे खरं, पण तो सगळ्या गिऱ्हाइकांच्या माथी येतो, थेट घेणाऱ्याच्यासुद्धा. थेट जाऊन तो वाचत नाही.

म्हणजे थेट जाण्याचा फायदा शून्य. आणि लिंकवरून जाण्याचा?

आधी किमतीचं बघू. दुकानात किंमत हा एक आकडा असायचा आणि तो कमी करायची एक कला होती. तुळशीबागेत पर्स घेताना माझी आई आधी दुसऱ्याच पर्सकडे बघत असे, मग हवी ती सहज उचलून 'ही कितीला?' विचारी, उत्तर ऐकून दोन पावलं पुढे जाई. तिसऱ्या पावलाला हाक येई. ऑनलाइन दुकानात ही घासाघीस नाही, असं आपल्याला वाटतं. ती आहे, पण तिचं गणित करून ठेवलंय. समजा एका फोनची छापील किंमत २४,९९९. सेलमध्ये १९,९९९. पानावर एक कूपन आहे, त्यावर टिचकी मारली तरच हजार कमी होतात, नाही मारली तर नाही. ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर १० टक्के सूट, पण जास्तीत जास्त १,५००. जुना फोन दिला तर आणखी काही, पण मग म्हणे ती दुसरी सूट लागू होईलच असं नाही. अशा वेळी टेलिग्रामवरचा कुठला तरी पोरगा एका ओळीत लिहितो: '१७,४९९ ला पडतो, सहा महिन्यांतला सगळ्यांत कमी भाव', आणि खाली लिंक.

या पोरानं काय विकलं? फोन नव्हे. गणित सोडवून दिलं. ज्या किमतीचं कोडं दुकानानं स्वतः घातलं, त्याचं उत्तर त्यानं दिलं, आणि गंमत अशी की त्या उत्तराचे पैसेही दुकानच देतं. असं का करावं दुकानानं? कारण सरळ आहे. ज्याला वेळ नाही तो १९,९९९ देऊन जातो, आणि जो पैन्‌पै बघतो तोही हातचा जात नाही. तुळशीबागेतला विक्रेता चेहरा बघून दोन भाव सांगायचा. इथे लिंक बघून.

कूपनांच्या आणि कॅशबॅकच्या वेबसाइटींचा धंदा याच खाचेत उभा राहिला. 'कूपनदुनिया' २०१० च्या सुमारास आली, 'कॅशकरो' २०१३ मध्ये. २०१६ मध्ये तिच्यात खुद्द रतन टाटांनी स्वतःचे पैसे घातले. दुकानाकडून मिळणाऱ्या कमिशनचा एक वाटा या वेबसाइटी गिऱ्हाइकाला परत देतात. तो वाटा कित्येक आठवडे 'पेंडिंग' दिसतो, कारण माल परत करायची मुदत संपल्याशिवाय त्यांचं स्वतःचं कमिशन पक्कं होत नाही. दलालानं दलालीतला हिस्सा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा, हे आपल्या आडतीच्या परंपरेत कुणी स्वप्नातही पाहिलं नसेल.

पण मावशीला कूपन नको होतं. तिला चटणीचं उत्तर हवं होतं.

माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नवा चहा आला की मावशी विचारते, "कसा आहे?" आणि दुकानदार, मालाचे पैसे त्यानं आधीच मोजलेले असूनही, म्हणतो, "काकू, तुम्ही नका घेऊ. दोघं परत घेऊन आले." हे 'नका घेऊ' त्या दुकानाची खरी पुंजी. काकू तीस वर्षं येत राहतात त्या त्या दोन शब्दांमुळे. मोठ्या ऑनलाइन दुकानाला हे दोन शब्द उच्चारताच येत नाहीत. तिथे फळीवरची जागा विकलेली असते. 'प्रायोजित' म्हणजे त्या विक्रेत्यानं पुढे बसायचे पैसे भरलेत. आणि ही चिल्लर कमाई नव्हे: २०२४ मध्ये ॲमेझॉनला जगभरातून निव्वळ जाहिरातींतून ५६ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं सप्टेंबर २०२३ मध्ये या कंपनीवर खटला भरला, त्यात एक आरोप नेमका हाच आहे की शोधायला गेलं की गैरलागू जाहिरातींचा ढीग पुढे येतो. खटल्याचं काय व्हायचं ते होवो. 'मिक्सर' असं शोधून बघायला कोर्टाची गरज नाही.

ज्यानं सगळ्यांकडून पैसे घेतले तो कुणालाच वाईट म्हणू शकत नाही. म्हणून ते दोन शब्द दुकानातून बाहेर पडले आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या त्या बाईकडे आले. चेहरा आहे, आवाज आहे, तिच्याही घरी चटणी होते. शिवाय ती मराठीत बोलते. दुकानाच्या ॲपला मराठी येतं, पण ते 'प्रायोजित' म्हणण्याइतपतच.

आता उलट बाजू. डॉक्टर मित्राशी बोलताना तो फटकन म्हणाला, "हे म्हणजे आमच्याकडचं कट झालं." शब्द मला झोंबला, कारण महाराष्ट्रात 'कट'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. डॉक्टरनं रुग्ण एखाद्या लॅबकडे किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवायचा आणि तिथून पाकीट यायचं. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका हृदयरुग्णालयानं 'कमिशन नाही' असे मोठे फलक लावले तेव्हा डॉक्टरांच्या संघटना चिडल्या होत्या, आणि त्याच वर्षी राज्य सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही करवून घेतला होता.

तुलना पूर्ण जुळत नाही. आजारी माणसाला निवड नसते, बिल फुगतं, आणि गरज नसलेली तपासणी म्हणजे रक्त काढलंच. मिक्सरवालीच्या लिंकेनं यातलं काही होत नाही. पण एक गोष्ट जुळते, आणि ती मोठी आहे: सल्ला वाकतो. कमिशन घेतल्यानं नव्हे, फक्त 'घ्या' म्हटल्यावरच ते मिळतं म्हणून. 'असलेलाच वापरा, नुसतं रबर बदला' असं सांगणाऱ्याला कुणी छदाम देत नाही. शिवाय सगळ्या मालावर दर सारखा नसतो. मोबाइलवर नगण्य, कपड्यांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर बराच जास्त. मग एके काळी फोन उलगडून दाखवणारे चॅनेल हळूहळू फेसवॉशकडे का वळतात, याचं कोडं पडायला नको. दर ठरवणारंही दुकानच. एप्रिल २०२०मध्ये, अमेरिकेत लोक घरात कोंडलेले असताना, ॲमेझॉननं फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणि किराण्यावरचं ५ वरून १ वर आणलं. लिंकवर पोट असणाऱ्यांना दुसऱ्या दुकानात जायची फारशी सोयही नव्हती.

वाकलेला सल्ला मी स्वतः विकत घेतलाय. स्वयंपाकघराची चिमणी घेताना एका वेबसाइटीवरची 'टॉप १०' यादी वाचली. प्रत्येक चिमणीचे फायदे-तोटे व्यवस्थित मांडलेले. पहिल्या क्रमांकाच्या चिमणीचा तोटा काय? 'एकाच रंगात उपलब्ध.' मी ती घेतली. फोडणी घातली की घरात बोलणं बंद, इतका आवाज. मग यादी पुन्हा वाचली तेव्हा दिसलं की सगळे फोटो कंपन्यांचे, सगळी वाक्यं खोक्यावरची. लिहिणाऱ्यानं त्या दहातली एकही चिमणी चालू करून पाहिली नव्हती. ओट्यापाशी उभी राहिलेली बाई आणि ही यादी, दोघांच्या लिंकला दुकान सारखंच कमिशन देतं. दुकानाला वाटलेल्या चटणीशी काही देणंघेणं नाही. त्याला शेपटीतली खूण पुरते.

म्हणून माझी तक्रार कमिशनबद्दल नाही, ते झाकण्याबद्दल आहे. कायदा नाही असंही नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली, समाजमाध्यमांवरच्या शिफारशींसाठीच्या सूचना जानेवारी २०२३ मध्ये. दुकानाशी आर्थिक संबंध असेल तर तो ठळकपणे सांगा, साध्या भाषेत सांगा, हॅशटॅगांच्या आणि लिंकांच्या गर्दीत लपवू नका, असं त्यात म्हटलंय. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. प्रत्यक्षात काय दिसतं? संपूर्ण व्हिडिओ मराठीत, आणि डिस्क्रिप्शनमध्ये कॅमेरा कुठला, माइक कुठला, इन्स्टाग्राम कुठलं हे सगळं सांगून झाल्यावर, 'आणखी' वर टिचकी मारली तर तळाशी इंग्रजीत एक ओळ. माझी मावशी इंग्रजी वाचत नाही. तिच्यापुरतं ते सांगितलेलंच नाही.

आणखी कलमं नकोत. मला एक वाक्य हवंय, तोंडानं म्हटलेलं, लिंकच्या आधी, व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत: 'तुम्ही या लिंकवरून घेतलंत तर दुकान मला पैसे देतं.' टेलिग्रामच्या पोरानं प्रत्येक चॅनेलच्या माथ्यावर, यादीवाल्यानं पहिल्या परिच्छेदात. आणि ते म्हणवून घ्यायची जबाबदारी दुकानावर टाकावी. खूण त्याचीच आहे, हिशेब त्याच्याकडेच आहे, कुठल्या लिंकनं किती माल गेला हे त्याला रुपयापर्यंत ठाऊक असतं. न सांगणाऱ्याची खूण बंद करायला त्याला एक दुपार पुरेल. मंत्रालयानं लाखो लहान चॅनेलांच्या मागे धावण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

असं उघड सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल, अशी भीती हा धंदा करणाऱ्यांना वाटते. मी मावशीवर प्रयोग केला. तिला सगळं समजावलं: लिंक, खूण, कमिशन. ती म्हणाली, "मग मिळू देत की. आपल्या खिशातून थोडंच जातंय? बाईनं एवढं वाटून दाखवलं."

लोक लिंकवरून का घेतात याचं हे कारण मला कुठल्याही सवलतीपेक्षा खरं वाटतं. ऐकलेल्या सल्ल्याचे पैसे देण्याची ही एकच रीत आहे, ज्यात देणाऱ्याला काही द्यावं लागत नाही आणि घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही. पण ते पैसे खरोखर पोहोचतात का? नियम असा आहे की शेवटची टिचकी ज्याच्या लिंकवर, कमिशन त्याचं. आधी बारा मिनिटं कुणी काय वाटलं हे धरलं जात नाही. अमेरिकेत 'हनी' नावाचं, ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन आहे, पैसे भरायच्या पानावर आपोआप कूपनं शोधून देणारं. पेपाल या ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीनं ते सुमारे ४ अब्ज डॉलरना घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूबरनं आरोप केला की कूपन सापडो न सापडो, हे एक्स्टेन्शन अगदी शेवटच्या क्षणी दुसऱ्याची खूण काढून आपली बसवतं. त्यावरून खटले झाले, आणि पुढे गूगलनंही क्रोमवरच्या अशा एक्स्टेन्शनांसाठीचे नियम कडक केले. ज्या यूट्यूबरांनी हनीची जाहिरात केली होती, त्यांच्याच लिंकांचं कमिशन हनीनं उचललं, असा तो प्रकार.

मी हे वाचून चिडलो होतो. आणि सांगलीत, मावशीच्या शेजारी बसून मिक्सर मागवताना, मी काय केलं? व्हिडिओखालच्या लिंकवरून मिक्सर बास्केटमध्ये टाकला. मग सवयीनं, दोन पैसे सुटतील म्हणून, माझं कॅशबॅकचं ॲप उघडलं आणि त्यातून दुकानात जाऊन पैसे भरले. मावशी तोवर त्या व्हिडिओखाली मराठीत, एकेक अक्षर शोधत, टाइप करत होती: 'ताई तुमच्याच लिंकवरून घेतला. खूप छान समजावता.' दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यावर हृदय आणि जोडलेले दोन हात पाठवले.

माझ्या ॲपमध्ये बेचाळीस रुपये 'पेंडिंग' दाखवत होते. गेल्या महिन्यात ते जमा झाले. मावशीला अजून सांगितलेलं नाही.